माझी कवळी आणि तुझं खातं

चि. साहेब भाच्यास,

मावशीचा बोळक्या तोंडाने आशीर्वाद. तुझी तब्येत बरीच असेल, सरकारी गाडीत बसणाऱ्याला काय धाड भरलीय? माझी विचारशील तर गुडघे जागेवर आहेत, दात नाहीत. तुझ्या खात्याने उडवले.

दवाखान्यातली आमची रीत तुला ठाऊक आहे. माणसाने सावलीत बसायचं, रांगेत पिशवी उभी करायची. मंगळवारी माझी पिशवी पहिली होती. आत औषधाचा कागद, पाण्याची बाटली आणि कवळी (टोचते म्हणून काढलेली). भिंतीवर नवा फलक लागलाय, बेवारस वस्तू दिसली की कळवा. कुणा दीडशहाण्याने कळवलं. आले की दहा-बारा जण! डोक्याला टोप, तोंडाला फडकं; पोलीस कोण नि दरोडेखोर कोण, कळायला मार्ग नाही. मी ओरडले, "मेल्यांनो, माझी पिशवी आहे ती!" तर एकाने मलाच बंदूक दाखवून (सत्तरी ओलांडलीय रे मी!) फाटकाबाहेर काढलं.

फाटकावर आपला मिशीवाला जमादार होता. वीस वर्षं कोपऱ्यावरच्या चौकीत बसला; कुणाची पिशवी, कुणाचा नवरा, सगळं त्याला पाठ. आता चौकीला कुलूप आणि त्याच्या गळ्यात बंदूक. तो म्हणाला, "साहेब, आजींची पिशवी आहे, आणतो उचलून," आणि निघालासुद्धा. दोघांनी ओढून पाडला त्याला. मग लांबूनच पिशवी उडवली, धडाम! वरचे दात पत्र्यावर सापडले, खालचे अजून फरार आहेत.

बॉम्ब ठेवणारे असतात, कबूल. बाजारात फुटला तेव्हा मीही आठवडाभर जेवले नव्हते. पण त्यांना हुडकायला माणसं ओळखणारा पोलीस लागतो की न ओळखणारा? पूर्वी जमादार दिसला की पोरं त्याच्या सायकलमागे पळायची. आता गणवेश दिसला की आया पोरांना घरात ओढतात. ही तुमची सुरक्षा! जाळा तिला.

तुझी,
मावशी

ता. क. : दात गेले खड्ड्यात. हुकूम मोडला म्हणून जमादाराला घरी बसवलंय. निवृत्तीला चार महिने राहिलेत, पेन्शन अडकेल. कुणा आंधळ्या साहेबाने सही ठोकलीय. तो कागद रद्द करव.

आणखी ता. क. : जमादाराने कागद दाखवला. माझी शाळा चौथीपर्यंत, मजकूर काही कळला नाही. सही मात्र ओळखली. शेवटच्या अक्षराला तेच शेपूट, लहानपणी माझ्या भिंतीवर कोळशाने काढायचास ते. तेव्हा भिंत मी तुझ्याकडूनच पुसून घेतली होती.