वाकड्या घराची दारं

वेनब्रिज, मंगळवार

प्रिय बाबा,

मी मजेत आहे, दहाही बोटं शाबूत आहेत.

बाजारातलं ते चारशे वर्षांचं, एका बाजूला कललेलं लाकडी घर मी जॅक लावून ओळंब्यात सरळ केलं, आणि खालच्या चहाच्या दुकानाचं दार गच्च बसलं! मालकीण पार्जेटरबाई आतच अडकल्या. खिडकीतून ओरडल्या, "अगं बये, आमची दारं वाकडेपणावरच बेतलीत! होतं तसं कर!" मी जॅक उतरवला, घर पुन्हा कललं, दार उघडलं, अख्ख्या बाजाराने टाळ्या वाजवल्या. मला केक फुकट!

आता घराच्या एका कुजक्या खांबाला नुसता टेकू दिलाय.

गुडघा फार दुखतो का? तुम्ही काठी धरायला लाजता, असं आई कळवते. एवढं जुनं घर भर बाजारात टेकू घेऊन उभं आहे, बाबा. ते नाही लाजत.

तुमची सुतार लेक,
हेस्टर