खुंटी क्रमांक एकसष्ट

शिकागो,
७ ऑक्टोबर, मंगळवार
(सकाळची कॉफी दुसऱ्यांदा गरम करून)

प्रिय रेमंडदाजी यांस,

लेनचा नमस्कार. वाकूनच केला असता, पण कंबर परत सरळ होईपर्यंत पत्र लिहायचं राहून जाईल, तेव्हा खुर्चीतूनच गोड मानून घ्यावा. इकडे सर्व ठीक. तुमचे गुडघे कसे आहेत? ॲरिझोनाच्या कोरड्या हवेत गुडघे दुखत नाहीत म्हणून तुम्ही लेकीकडे राहायला गेलात. गेलं वर्षभर मी फोनवर विचारतोय आणि तुम्ही "बरे आहेत, बरे आहेत" म्हणताय, म्हणजे ते दुखताहेत. दाजी, अडतीस वर्षं मी या शहरातल्या लिफ्टा दुरुस्त केल्या. काय कुरकुरतंय ते मला आवाजावरून कळतं. पॉलीनला मामाचा आशीर्वाद सांगा, आणि तिने पाठवलेलं निवडुंगाचं रोप मी पाणी घालघालून मारलं हे सांगू नका.

तुमचं पत्र पोचलं. तुमचे जावईबापू क्लिफर्ड चोवीस तारखेला कामासाठी इकडे येणार, त्यांना क्राफ्ट बिअरचा नवा नाद लागलाय, तर शिकागोत चांगली बिअर कुठे मिळते त्याची यादी पाठव, असं तुम्ही लिहिलंत. वाचून हसूही आलं आणि रागही आला. अहो, चाळीस वर्षं या गावात बसून प्यायलेला माणूस, ज्याने मला पहिला घोट पाजला (आमच्या डोलोरेसशी तुमचा साखरपुडा झाला त्या दिवशी, गॅरेजमध्ये, आईची पाठ वळल्यावर), तो मला यादी मागतो! बरं, जावई म्हणजे जावई. त्याच्यासाठी म्हणून मी कोट चढवला आणि निघालो. नव्या जागा बघितल्याशिवाय यादी करणं म्हणजे लोकांची फसवणूक, आणि ती मी फक्त लिफ्टच्या इन्स्पेक्टरची केली आहे.

पहिल्यांदा नदीकाठच्या त्या नव्या ठिकाणी गेलो. पूर्वी तिथे टायरांचं गोदाम होतं, आणि खरं सांगू, तेव्हा वास बरा होता. भिंतीवर तीस नावं लिहिलेली. ब्लूबेरीची बिअर, मार्शमेलोची बिअर, लोणच्यातल्या काकडीची बिअर. एक तर इतकी दाट आणि पिवळी की तिला चमचा लागला असता. मी त्या दाढीवाल्या पोराला म्हणालो, बाबा रे, बिअरच्या चवीची बिअर आहे का? तो दोन मिनिटं विचारात पडला, आत जाऊन कुणाला तरी विचारून आला, आणि फार कळवळून म्हणाला, "नाही हो काका, ती उन्हाळ्यात होती." शेवटी मी काकडीची घेतली. डोलोरेस असती तर तिने एक घोट घेऊन ग्लास तुमच्याकडे सरकवला असता आणि तुम्ही माझ्याकडे. मी इकडेतिकडे बघितलं. सरकवायला कोणी नव्हतं, म्हणून सगळी प्यावी लागली.

दुसरं ठिकाण ॲव्हन्डेलमधलं, जुन्या बेकरीतलं. तिथे म्हणे कुत्री, तान्ही मुलं सगळ्यांना मुभा. एका वर्षाच्या बाळाचा वाढदिवस चालला होता आणि बाळ सोडून सगळे प्यायले होते. ऑर्डर द्यायची तर फोन काढून टेबलावरच्या ठिपक्यांचा फोटो घ्यायचा. मी घेतला, चांगला आला, पण बिअर आली नाही. शेवटी एका बाईंना दया आली. पण दाजी, त्यांची पिल्सनर बिअर! अहाहा. कडू जिथे व्हायला हवी तिथे कडू, आणि मागे पावाच्या कडेचा वास. मी पहिल्या घोटाला डोळे मिटले, आणि उघडून उजवीकडे वळलो, "दाजी, ही घ्या जरा" म्हणायला. उजव्या स्टुलावर कुत्रा होता. चांगला कुत्रा होता, तक्रार नाही. त्याने ऐकूनही घेतलं. पण कुत्र्याशी बिअरवर भांडता येत नाही, तो कशालाही हो म्हणतो.

तिथून बाहेर पडलो ते पाय आपोआप बर्नडेटच्या बारकडे वळले. (फोनवर सांगतोच मी तुम्हाला, दर शनिवारी जातो म्हणून.) जागा तीच, जुन्या बटणांच्या कारखान्याची, मागे तीच तिची बिअर बनवायची तांब्याची भांडी, आणि बारच्या वर त्याच दोनशे खुंट्या, दोनशे सभासदांचे दोनशे मग. मला बघून बर्नडेट म्हणाली, "अगं बाई, कोण हे! वाट चुकलात का?" (ती सगळ्यांनाच असं म्हणते.) मी वर बघितलं. खुंटी क्रमांक एकसष्ट, तुमचा मग. चर्चच्या तळघरातल्या कुंभारकामाच्या वर्गात डोलोरेसने केलेला तो थोर मग! एका बाजूला कललेला, कानात दोनच बोटं जातील असा, आणि इतरांच्या मगांपेक्षा चार घोट कमी मावणारा. तुम्ही त्याला नावं ठेवायचात, मी ठेवायचो, आणि कुणी तिसऱ्याने ठेवली तर आपण दोघं त्याच्या अंगावर जायचो. गळ्यात बर्नडेटची चिठ्ठी: शेवटचा कधी प्यायला त्याची तारीख. गेल्या ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. तुमच्या निरोपाचा. शेजारी बासष्टवर माझा. माझ्या चिठ्ठीकडे मी बघितलं नाही.

नियम तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच पूर्वी तो दुसऱ्यांना मोठ्या तोऱ्यात ऐकवायचात. वर्षभरात एकदा तरी सभासदाने स्वतः येऊन, स्वतःच्या हाताने मग खुंटीवरून काढून प्यायला पाहिजे. नाही तर त्याचा मग घरी आणि खुंटी पुढच्याला. पुढचा म्हणजे डॉक्टर व्हिटकॉम, दातांचे. यादीत सहा वर्षं उभे आहेत. दर शनिवारी येतात आणि तुमच्या खुंटीकडे अशा नजरेने बघतात की जणू खुंटीलाच कीड लागलीय. त्या दिवशी तर नवाकोरा मग कापडात गुंडाळून सोबत आणला होता, उंची जमते का बघायला. मला ते बघवलं नाही. तोंडातून निघून गेलं, "बर्नडेट, एकसष्ट तयार ठेव. दाजी आलेत. गाडी लावताहेत."

आता आपल्या गल्ल्यांतून गाडीला जागा शोधणं हे काम एका बिअरपेक्षा मोठं आहे हे कुणीही मान्य करेल, त्यामुळे पहिली वीस मिनिटं सगळं छान चाललं. डॉक्टरांचा चेहरा पडला. बर्नडेटने मोठा नळ पुसला. मला स्वतःलाच इतकं खरं वाटायला लागलं की दार उघडलं की मी मान वळवायचो. दोनदा तर उठून बाहेर जाऊन रस्त्याच्या टोकापर्यंत बघून आलो. दाजी, मूर्खपणा कसला म्हणायचा हा? मीच मारलेली थाप, आणि मीच वाट बघतोय. पाऊण तासाने बर्नडेट म्हणाली, "लेन, तुमचे दाजी गाडी पार तिकडे मिलवॉकी शहरात लावून चालत येताहेत का?" सगळे हसले. मीही हसलो. मग तिने आवाज खाली आणला आणि म्हणाली, "पंचवीस तारखेला दुपारी चारपर्यंत मी थांबते. त्यापुढे माझा इलाज नाही. दाजींचा मग नीट गुंडाळून ॲरिझोनाला पाठवीन." नंतर तिने विचारलं, तुमचा मग काढू का? मी म्हटलं नको, आज साधा ग्लास दे.

पार्सलने! म्हणजे डोलोरेसचा मग पॉलीनच्या कपाटात चहाच्या पुड्यांमागे जाऊन बसणार. दाजी, तुमची बायको ती होतीच, पण माझी बहीण त्याच्या आधीपासून होती. जाताना तुम्ही मला म्हणालात, "लेन, या गावात कुठल्याही कोपऱ्यावर वळलो की ती उभी दिसते, मला नाही राहवत इथे." मला काय ती दिसत नाही? सॉसेजच्या दुकानात दिसते, बसच्या थांब्यावर दिसते, बर्नडेटकडे तर तिचा आवाजसुद्धा येतो. मला ती तिथेच भेटते म्हणून मी राहिलो. पण तिच्याबद्दल बोलायचं कुणाशी? तुमच्याशी बोलायचं, तर तुम्ही फोनवर गुडघे बरे आहेत सांगता.

असो. म्हातारा माणूस पत्र लिहायला बसला की शाई जास्त आणि अक्कल कमी. थंडी सुरू झाली आहे, तलावाकडून वारा सुटलाय. तब्येतीची काळजी घ्यावी. जेवणात मीठ कमी घ्यावं, निदान पॉलीन बघत असताना.

तुमचा मेहुणा,
लिओनार्ड कुबियाक

ता. क. यादी राहिली. क्लिफर्डना सांगा: ॲव्हन्डेलची बेकरी, उजवीकडचं स्टूल. लोणचं आवडत असेल तर नदीकाठ. बस.

ता. क. २. क्लिफर्डच्या हातून मग काढून घेऊ असं तुमच्या मनात आलंच असेल. चालत नाही, मी बर्नडेटला विचारून झालंय. तो चोवीसच्या विमानाने येतोय ना? त्याच्या शेजारची जागा मागून घ्या. गुडघ्यांचं सांगितलं की पाय पसरायला पुढची रांग मिळते. राहायला माझ्याकडे. पायऱ्या अकरा आहेत, मी मोजल्यात, कठड्याचे स्क्रूही पिळून घेतलेत.

ता. क. ३. दर शनिवारी जातो म्हणतो ते खोटं आहे. तुम्ही गेल्यापासून मी बर्नडेटकडे पाऊल टाकलं नव्हतं. बासष्टच्या चिठ्ठीवरही तुमचीच तारीख आहे. त्या दिवशी ती कळवळून म्हणाली, निदान तुमचा तरी एक घोट घ्या, खुंटी वाचेल. नाही घेतला. एकसष्टवर दातांच्या डॉक्टरांचा मग आणि शेजारी माझा, हे मला बघायचं नाही. उतरायचे तर दोन्ही एकदम उतरू देत.

ता. क. ४. बर्फ पडल्यावर गाडीसाठी उपसलेली जागा धरून ठेवायला डोलोरेस रस्त्यात मांडायची त्या दोन पिवळ्या खुर्च्या माझ्या तळघरात आहेत. पंचवीसला सकाळपासून त्या बर्नडेटच्या दारासमोर मांडणार आहे. बर्फाचा पत्ता नसताना खुर्च्या मांडल्या म्हणून लोक हसतील, शिव्याही घालतील, पण मी त्यातल्या एकीवर बसलेलाच असेन. क्लिफर्डची भाड्याची गाडी सरळ तिथे आणा. बर्नडेटने परवा रस्त्यात पुन्हा विचारलं, तेव्हाही मी हेच सांगितलं, दाजी गाडी लावताहेत. मला खोटं पाडू नका. जागा मिळायला वर्ष लागलं, एवढंच.