मनूच्या कांजिण्या

इंदिरानगर, नाशिक

प्रिय आई, सप्रेम जयभीम.

मी आणि पोटातलं बाळ छान आहोत, आधी एवढं वाच. तुझे गुडघे कसे आहेत?

जाऊबाईंच्या मनूला कांजिण्या आल्या. गरोदरपणात पहिल्यांदाच झाल्या तर बाळालाही धोका असतो, म्हणून रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी मला तिच्यापासून लांब ठेवलं. मनू दाराआडून विचारायची, "काकू, माझ्यावर रागावलीस?"

रिपोर्ट चांगला आला. मला लहानपणी येऊन गेल्या, हे रक्तात अजून दिसतं म्हणे. नवलच ना?

तेव्हा तू मला येवल्याला मावशीकडे धाडलं होतंस. "आई रागावली का?" असं मीही मावशीला रोज विचारायचे.

खरं सांग, तेव्हा आपली अंजू तुझ्या पोटात होती का?

तुझीच,
सुजाता