मोठ्या अक्षरातला आकडा

बोगद्याचा मुक्काम,
३ नोव्हेंबर

प्रिय डॉक्टरीणबाईंस,
स. न. वि. वि.

तुझं घाबरंघुबरं पत्र मिळालं. सामानाचा ट्रक आठवड्यातून एकदा वर येतो आणि टपाल त्याच्याच कृपेने, म्हणून उत्तराला उशीर. इथे डोंगराच्या पोटात फोनला रेंज नाही, आणि तुझी तक्रार काय, तर विजेच्या गाडीची रेंज एका जागी राहत नाही. नवराबायको एकाच शब्दापायी हैराण.

तर नीट वाच. पडद्यावर मोठ्या अक्षरात दिसतो तो आकडा म्हणजे टाकीतलं पेट्रोल नव्हे. तो नुसता अंदाज. बॅटरीत वीज किती उरली हे गाडीला बऱ्यापैकी कळतं, पण तेवढ्यात ती किती लांब जाईल हे ती तुझ्या अलीकडच्या चालवण्यावरून ठरवते. टेकडी चढलीस, जोरात हाणलीस, समोरून वारा असला, की तिला वाटतं ही बाई रोज अशीच चालवणार, आणि आकडा झपाझप उतरतो. उताराने सावकाश आलीस की तोच आकडा वायर न लावता वर चढतो. थंडीत बॅटरी आखडते, तुझ्या पेशंटांच्या सांध्यांसारखी. त्यात हीटरही तिच्याच जिवावर. पेट्रोलच्या गाडीत इंजिनाची ऊब फुकट मिळायची, हिच्यात तेवढीही वीज खर्चावी लागते. रात्रभर नुसती उभी राहिली तरी सकाळी थोडा कमी दिसेल. गाडी खरोखर किती फिरली ते खाली बारीक अक्षरात असतं, ते कधी खोटं सांगत नाही. तेव्हा निवांत घरोघरी जाऊन लोकांचे गुडघे वाकवत बस.

आईच्या खांद्याचा व्यायाम सोडू नकोस. गाडीची दुसरी किल्ली तिच्याकडे दिली आहे, अडीअडचणीला असू दे.

लोभ आहे तेवढा ठेव, वाढला तर कळव.
तुझा,
बोगदेवाला

*

घर,
१९ नोव्हेंबर

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या बायकोला न सांगता लिहिते आहे. कोपऱ्यावरच्या पेटीत माझ्या हाताने टाकणार.

रोज संध्याकाळी ती आंघोळीला गेली की मी गाडीत जाऊन बसते. तू दिलेली किल्ली आहेच. बटण दाबलं की आकडा येतो, चष्म्याशिवायही वाचता येतो. सोमवारी ती त्याच त्या तीन घरी गेले म्हणाली, आणि आकडा सत्तरने उतरला. बुधवारीही तीच तीन घरं, तर एकशेदहाने. घरं काही रातोरात लांब सरकत नाहीत.

शुक्रवारी कळस झाला. सकाळी निघताना एकशेसाठ होता, संध्याकाळी आली तेव्हा एकशेपंच्याहत्तर. दिवसभर फिरून गाडी जास्त भरलेली. घरची वायर भिंतीवर गुंडाळलेली होती, मी स्वतः पाहिली. म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी दारात लावली असणार. वायर लावून गाडी किती वेळ उभी ठेवावी लागते ते मला आता कळलं आहे, आणि तितका वेळ माणूस काही फाटकाबाहेर ताटकळत नाही.

टेकडीवर एक फोटोग्राफर आहे. चाळिशीतला, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला, बहिणीबरोबर राहतो. जेवताना त्याचेच किस्से. तो व्यायाम करत नाही आणि केला म्हणून थापा मारतो, असं सांगून ही स्वतःशीच हसते.

मी तोंडाने अवाक्षर काढलेलं नाही. तिने माझं केलं हे मी नाकारत नाही. खांद्यातून वर न जाणारा माझा हात आता वेणीपर्यंत पोचतो. पण केलं म्हणून मी डोळे मिटून बसणार नाही.

थंडीत कानटोपी घालत जा. आईची आठवण राहू दे.
आई

*

बोगद्याचा मुक्काम,
२७ नोव्हेंबर

ती. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुझी नजर अजून होती तशीच आहे. शाळा बुडवली की तुला माझ्या बुटांच्या मातीवरून कळायचं, ते आठवलं.

मी इतक्या लांबून काय बोलणार? तू तिथे आहेस, तुला दिसतं ते मला दिसत नाही. इतक्यात तिला काही बोलू नकोस. लक्ष ठेव आणि मला सविस्तर लिहीत जा.

बोगदा निम्म्यावर आला. मोजणीसाठी नव्या बाई आल्या आहेत, कामाला पक्क्या. माझं अर्धं ओझं त्यांनी उचललं.

तब्येतीला जप. माझ्यावरची माया अशीच असू दे.
तुझा,
बाळ

*

घर,
२ डिसेंबर

प्रिय,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या आईचं आणि माझं बिनसलंय, आणि कारण ऐकशील तर हसशील. मी मात्र हसायची थांबले आहे.

परवा केस पुसत अंगणात आले तर त्या अंधारात गाडीत बसलेल्या, शाल पांघरून, पुढच्या सीटवर. मी विचारलं बरं वाटत नाही का, तर त्यांनी सरळच सांगितलं की त्या रोज बसतात आणि आकडा बघतात, आणि मी सांगते तिथेच जात असते तर तो रोज सारखाच उतरला असता. मी त्यांना बारीक अक्षरातले किलोमीटर दाखवले. दिवसाकाठी जेमतेम चाळीस. त्या म्हणाल्या, बारीक अक्षरात लिहितात ते लपवायचं असतं म्हणूनच. शेवटी तुझं पत्र पुढे केलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं, घडी घालून परत दिलं, आणि म्हणाल्या की बायकोला धीर द्यायला नवरा काहीही लिहितो, मला त्याने वेगळं लिहिलंय. वेगळं काय, ते मी विचारलं नाही. तूच सांगशील.

वायर आता त्यांच्या कपाटात असते. उद्या कुठे जाणार ते सांगितलं की मिळते. मी हीटर बंद ठेवून गाडी चालवते, म्हणजे आकडा कमी उतरेल. परवा एका आजोबांच्या पाठीला हात लावला तर ते बर्फ लागल्यासारखे दचकले. उतारावर पाय अलगद ठेवते, टेकडीवर जायचं असलं की आदल्या दिवशीच चढाचा हिशेब मांडून ठेवते. पेशंटसाठी गाडी चालवायची की आकड्यासाठी, हेच मला कळेनासं झालंय.

मला लिहिलंस तेच दोन ओळींत त्यांना लिही. माझ्या तोंडून ती सबब वाटते. तू लिहिलंस की त्या ऐकतील, तुझ्याबाहेर त्यांचं जग नाही. या ट्रकने नाही जमलं तर पुढच्या, पण लिही.

वाट बघते आहे. लोभाबद्दल मला कधी लिहावं लागलं नव्हतं, आज लिहिते: तो असू दे.
तुझी,
डॉक्टरीण

*

बोगद्याचा मुक्काम,
११ डिसेंबर

प्रिय,
स. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुम्हा दोघींच्या मध्ये मला ओढू नकोस. आई या वयात उगाच बोलायची नाही. तिला काही वाटलं असेल तर त्याला काहीतरी कारण असेल, ते मला इथून दिसत नाही.

गाडीबद्दल तिला लिहीन, सवड मिळाली की. तू म्हणतेस ते खरं असेलही. पण एकदा मनात आलं की माणसाने काय करावं? त्या फोटोग्राफरचा गुडघा दुसरं कुणी सरळ करू शकत नाही का?

घाईत आहे. मोजणीवाल्या बाई रेषा आखून घ्यायला थांबल्या आहेत.

आईला दुखवू नकोस. बाकी ठीक.
तुझा,
बोगदेवाला

*

घर,
२१ डिसेंबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

एकदाचं झालं. तू बोलू नकोस म्हणाला होतास, म्हणून मी तिला काही बोलले नाही. मी फोटोग्राफरच्या बहिणीला फोन केला. तुमच्या दारात आमची गाडी तासन् तास वायर लावून उभी असते, आणि तुम्ही घरात असता की नसता, एवढंच विचारलं. तिने फोन आपटला. हिच्याकडे पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांनाही कळवलं. सभ्य माणूस, म्हणाले की चौकशी होईपर्यंत थांबवतो.

ती दुपारीच परत आली. मला वाटलं आरडाओरडा करेल. केला नाही. उलट नेहमीच्या वेळी माझ्या खांद्याचा व्यायाम करून घेतला, एकही प्रकार न गाळता. मला जरा विचित्रच वाटलं. मग हात धुतले आणि बॅग भरली. तेव्हा ती म्हणाली, त्या फोटोग्राफरशी तुम्ही माझं नाव जोडलंत हे मला तुमच्या मुलाच्या पत्रातून समजलं. पुढे म्हणाली, गाडीचं सगळं त्याला माहीत आहे, त्याला विचारा. मी म्हटलं, त्याला काय विचारायचं, त्याला सगळं मीच कळवलंय.

किल्ली चपलांच्या फळीवर ठेवून बसने गेली. गाडी नेली नाही, ते बरं झालं.

घर मोठं वाटतंय, पण स्वच्छ वाटतंय. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी आहे तोवर तुझ्या घराला धक्का लागू देणार नाही.
आई

*

घर,
१४ जानेवारी

चि. बाळास,
आशीर्वाद.

तीन आठवड्यांत तुझं पत्र नाही. ट्रक बंद आहे का?

एक गोष्ट मनातून जात नाही. गाडी झाकून ठेवली आहे, फाटकाला कुलूप, दोन्ही किल्ल्या माझ्या उशाखाली. सवयीने मी सकाळी आकडा बघते. थंडी वाढली तसा तो उतरत चालला आहे. पहिल्यांदा वाटलं, तिच्याकडे तिसरी किल्ली असणार. म्हणून फाटकाच्या आत जमिनीवर पीठ भुरभुरवून ठेवलं. सकाळी त्यावर एका मांजराची पावलं होती, चाकाची खूण नव्हती, आणि आकडा पुन्हा कमी.

काल लख्ख ऊन पडलं. दुपारी जाऊन बसले तर आकडा सकाळपेक्षा वर. उभ्या गाडीचा. कपाट उघडून वायर पाहिली, ती आतच होती.

ती तेव्हा म्हणत होती तसं खरंच असतं का? तुझ्या पत्रातही तसंच होतं, पण ते तिच्या हातात होतं, म्हणून मी मानलं नाही. तुला नक्की ठाऊक असेल तर लिही.

खांदा पुन्हा धरला आहे. वेणी शेजारच्या मुलीकडून घालून घेते.
आई

*

बोगद्याचा मुक्काम,
२३ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

असतंच तसं. थंडीत उतरतो, उन्हात चढतो, गाडी उभी असली तरी. चालवली तर रस्ता, वारा, हीटर यांच्याप्रमाणे रोज वेगळा. मला पहिल्यापासून माहीत होतं, घेण्याआधी मी महिनाभर दुसरं काही वाचत नव्हतो.

तू म्हणशील, मग तेव्हाच का नाही लिहिलंस. आई, तू तेव्हा विचारत नव्हतीस, सांगत होतीस. विचारलं असतंस तर सांगितलं असतं.

आणि झालं ते वाईट झालं असं मला वाटत नाही. आमचं बरेच दिवस जमत नव्हतं, म्हणजे मला जमत नव्हतं. मी तिला जा म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, वर्षभर रडारड, वर तूच तिची बाजू घेतली असतीस. खांद्यापायी तरी घेतलीच असतीस. तू ते एका फोनमध्ये उरकलंस. मला कुणाला घालवावं लागलं नाही.

मोजणीवाल्या बाईंबद्दल मी लिहीत असतोच. मार्चमध्ये आम्ही दोघं येऊ. त्यांना मोकळी हवा लागते, समोरची खोली लावून ठेव. गाडीही त्यांना आवडेल, अधूनमधून वायर लाव, बॅटरी पार उतरू देऊ नकोस. आणि त्यांच्यासमोर आकड्यांचा विषय नको. त्या स्वतः हिशेबाच्या आहेत, त्यांना हसू येईल.

खांद्याला गरम पाण्याची पिशवी ठेव. माया आहे तशीच असू दे, माझी आहेच.
तुझा,
बाळ

*

बसथांब्यामागची खोली,
९ फेब्रुवारी

ती. बाईंस,
सा. न. वि. वि.

आई असं लिहायला घेतलं होतं, पण ते आता तुमच्या मुलानेच लिहिलेलं बरं. तुमचं पत्र आणि त्यासोबत घालून पाठवलेलं त्याचं पत्र, दोन्ही मिळाली. त्याचं परत पाठवते आहे. त्यात मला नवीन काही नव्हतं. आईला लिहीन म्हणाला होता ते तो लिहिणार नाही, हे मला फोटोग्राफरबद्दलच्या एका ओळीवरून डिसेंबरातच कळलं होतं.

तुम्ही लिहिता की परत ये, हे घर तुझंच, त्याला मी उंबरठा ओलांडू देणार नाही. तुम्ही त्याला घरात घ्याल. समोरची खोलीही लावाल. मी तुमच्याजवळ सहा वर्षं राहिले आहे.

मी आणखी समजावून का सांगितलं नाही, असंही विचारलं आहे. सांगितलं होतं. स्वयंपाकघरात, तुम्ही भाजी निवडत होतात तेव्हा. तुम्ही उंच फळीवरच्या रेडिओचा आवाज वाढवलात. दुसऱ्या वेळीही वाढवलात. तिसऱ्या वेळी मी सुरू करण्याआधीच तुम्ही बटणाकडे हात नेलात, आणि तो खांद्याच्या वर किती सहज गेला हे बघून मला, काय सांगू, आनंद झाला होता.

फोटोग्राफरांचा गुडघा आता वाकत नाही. त्यांची बहीण दारात कुणालाच उभं करत नाही. डॉक्टरांनी पेशंट पुन्हा पाठवायला सुरुवात केली आहे, पण अर्धी घरं अजून माझ्याकडे बघून दार जरा जास्त उघडं ठेवतात. गाडी नसल्याने मी बसने फिरते. उशीर होतो, बाकी काही अडत नाही.

खांद्यासाठी: भिंतीकडे तोंड करून उभं राहा, बोटं भिंतीवरून वर चालवत न्या, दुखेल तिथे थांबा, उतरवा. सकाळ-संध्याकाळ. पिशवीने काही होणार नाही. मी येणार नाही. दुसऱ्या कुणाला बोलवा, चांगल्या मुली आहेत, नावं देईन.

एक शेवटचं. मंगळवारी मला तुमच्या गल्लीतल्या पोस्टमास्तरांकडे जावं लागतं. तुम्ही पडदा बाजूला करून उभ्या असता ते मला बसमधून दिसतं. पडदा तुम्ही डाव्या हाताने धरता. उजव्याने धरत जा, तेवढाच व्यायाम होईल. मी वर बघणार नाही.

कळावे. लोभ उरला असेल तो आपल्यापाशीच असू द्यावा.
खांदेवाली