तांबडीची रवण

६ फेब्रुवारी १९५४, घाटकोपर
तांबडी खुडूक होऊन बसली आहे. सासूबाई म्हणतात, "पाण्यात बुडव तिका, उतरात खूळ." नाही बुडवणार! कोंबडी माझी आहे. माझ्या आईने मालवणहून बोटीने पाठवलेली. घरातल्या बाकी कशावर माझा हक्क आहे?
खोलीच्या मागे फुटक्या घमेल्यात तूस पसरलं, वर गोणपाट टाकलं, अकरा अंडी मांडली आणि तिला रवणीला, अंडी उबवायला, बसवलं. नीलाने वर झाकायला डालगं धरलं. नणंद असून या घरात माझ्या बाजूची तेवढी एकच.

७ फेब्रुवारी
हात नेला की टोचते. बरं करते.

१३ फेब्रुवारी
नीलाने बॅटरी धरली, मी एकेक अंडं उजेडापुढे फिरवलं. दोन बाद. बाकीच्यांत लाल शिरा! "वहिनी, हलतंय गं आत!" म्हणून केवढ्याने ओरडली. मांडीवर भूमितीचं पुस्तक तसंच उघडं. पुढच्या महिन्यात मॅट्रिक आहे तिची.
दुपारी शेजारच्या धोंडूचं मांजर घमेल्याभोवती. पेकाटात लाटणं घातलं. धोंडूची बायको भांडायला आली. तिलाही ऐकवलं.

१६ फेब्रुवारी
रविवारी नीलाला बघायला येताहेत. बोरीवलीचं स्थळ. बिजवर, चाळिशीचा, पहिलीची दोन मुलं. पण सरकारी नोकरी, स्वतःच्या दोन खोल्या, हुंडा नको. सगळे खूश. मीही म्हटलं, बरं झालं.
आणि मग सासूबाई काय म्हणतात — पाहुण्यांना तांबडीच कापू! "घरात कोंबडी आसताना बाजारात कित्याक धावायचा?"
माझं डोकंच फिरलं. अंड्यांवर बसलेली कोंबडी कापतात कुठे? खाणं-पिणं सोडून नुसती हाडं राहिलीत तिची. वडे कशाबरोबर खाणार, पिसांबरोबर?
यांना सांगितलं तर हे पेपरातून मान वर न करता — "एका कोंबडीवरून कटकट नको, रत्ना." कटकट! यांची आई बोलली ते बोलणं, मी बोलले ती कटकट.

१७ फेब्रुवारी
घरात कोणाशी बोलले नाही. भाकऱ्या मात्र थापल्या. त्या कोणाच्या बापाला चुकल्यात!

२० फेब्रुवारी
मी नळावर गेले तेवढ्यात यांनी तांबडीला उचललं. स्वतः! आईने सांगितलं म्हणून! परत येते तो पाय बांधून मोरीत टाकलेली, चोच वासून धापा टाकतेय. अंडी उघडी. हात लावला तर गार पडायला लागलेली.
हंडा तिथेच आपटला. सुतळी दातांनी तोडली. सासूबाई आडव्या आल्या. त्यांना म्हटलं, "हिच्या मानेवर सुरी ठेवायची तर आधी माझ्यावर ठेवा!" अख्खी चाळ दारात. हे म्हणतात, "लोक बघताहेत." बघू देत! पोटाखाली जीव असलेल्या मुक्या प्राण्याला उचलताना लाज नाही वाटली?
तांबडी लंगडत गेली आणि आपणहून घमेल्यात बसली. मग मला रडू आलं. रागाचंच.
हे संध्याकाळी बाजारातून कोंबडा घेऊन आले. शेवटी आणलाच ना!

२१ फेब्रुवारी
पाहुणे येऊन गेले. वड्यांवर ताव मारला. मुलगा — मुलगा कसला, टक्कल आहे — नीलाशी एक अक्षर बोलला नाही. त्याची बहीण म्हणाली, "परीक्षा कशाला आता? पोरांकडे बघायला माणूस हवंय." पसंती तिथल्या तिथे. सासूबाईंनी साखर वाटली.
मी सारखी मागे जाऊन मांजर बघत होते.

२७ फेब्रुवारी
फुटली! सकाळी घमेल्याला कान लावला तर चिवचिव. आठ पिल्लं. नववं कवचात अडकून राहिलं, मी सोडवायला गेले तर तांबडीने हात रक्ताळून ठेवला. मेलं ते. पण आठ! कण्या घातल्या, वाटीत पाणी ठेवलं. सासूबाई येऊन बघून गेल्या. जिंकले मी!
नीलाला हाक मारली. आली नाही.

२८ फेब्रुवारी
दुपारी नीला मागे कपडे वाळत घालत होती. म्हटलं, बघ तरी गं पिल्लं, तूच बॅटरी धरली होतीस. ती माझ्याकडे न बघता बोलली. ओरडली नाही, रडलीही नाही.
"कोंबडीसाठी अख्खी चाळ गोळा केलीस, वहिनी. माझ्यासाठी एकदा तरी नको म्हणालीस?"
ती पिळा झटकत राहिली.
ती एकवीस तारीख आठवते. नीला चहाचा ट्रे धरून उभी होती. आणि मी मांजर बघत होते!

१ मार्च
सकाळी हे जेवायला बसले तेव्हा सांगून टाकलं — बोरीवलीला नकार कळवा. पोरगी परीक्षा देणार. नाही कळवलात तर मी जाऊन सांगेन. सासूबाई म्हणाल्या, "तू कोण गो?" म्हटलं, तिची वहिनी.
हे ताटावरून उठले. घरात माझ्याशी कोणी बोलत नाही.
नीला बोलते.