गुलाबी रेघा

बाबा, काल बाळापूरकडची एक म्हातारी तुम्ही करून दिलेली फ्रेम फडक्यात बांधून घेऊन आली. तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी अकोल्यातलं हे घर लोकांच्या लेखी अजून फोटोवाल्याचंच आहे. तिनं फडकं सोडलं. आतल्या पोराचा चेहरा हिरवट पडला होता, डोळे कुठे आहेत ते अंदाजानंच कळत होतं. "माह्या पोराचं तोंड कसं होऊन राह्यलं पाह्य ना बाई," ती म्हणाली. लग्नाच्या ज्या फोटोतून तुम्ही तो चेहरा काढला होता, तो मागेच घर गळलं तेव्हा गेला. आणि तुमचा कम्प्युटर तर तुमच्याही आधी गेला.

बाहेरच्या खोलीत कूलरच्या ओल्या वाऱ्यानं कागद फुगतो, म्हणून प्रिंटर तुम्ही स्वयंपाकघरात ठेवलात, पिठाच्या डब्याशेजारी. त्या वर्षांत कापसाच्या गावांतून माणसं यायची, तेरवीच्या आत फोटो पाहिजे म्हणून. फोटोतली सगळी तरणी पोरं. पोरगं कसं गेलं ते कुणी विचारत नसे, आई फक्त चहा ठेवायची. एकदा मी काम झाल्यावर सरळ बोर्डावरचं बटन बंद केलं, तर तुम्ही केवढे चिडलात. "बोर्डावरून काहून बंद केलं वं? शाईच्या हेडले त्याच्या जागी बसू दे आधी. उघडं राह्यलं तं शाई वाळते." मशीनशी तुम्ही जितक्या मायेनं बोलायचात, तितकं आईशी कधी बोलला नाहीत.

मग शिकवायला बसलात. रंग बिघडला की आधी कागदावर प्रत्येक शाईच्या तपासणीच्या रेघा छापून काढायच्या. "रेघ तुटली तं हेड साफ कर. रेघा साबूत हायेत अन् तरी रंग चुकला, तं शाई पाह्य, कागद उलटा लागला का पाह्य. थे बी बरोबर असन, तं फोटोच तसा हाये. मंग मशीनले दोष देऊ नको."

तुम्ही प्रिंटरमध्ये भरायचात ती बाटलीतली शाई उन्हात टिकत नाही, गुलाबी आधी उडतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का? विचारायचं राहून गेलं. लोक फोटो दारासमोरच्या भिंतीवर लावायचे, येणाऱ्याला आधी तोच दिसावा म्हणून. ऊनही तिथेच यायचं. म्हणजे गावोगावची ती सगळी पोरं आता अशीच हिरवी पडत असणार. मला फार राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना.

म्हातारीला बाहेर बसवून मी फ्रेम स्कॅन केली. माझ्या लॅपटॉपवर गुलाबी वाढवला, तर नुसता गुलाबी डाग आला. त्यात चेहरा नव्हताच. तरी आशेनं तुमच्याच प्रिंटरवर रेघा काढून पाहिल्या. काळ्या, निळ्या, पिवळ्या, गुलाबी, एकही तुटलेली नव्हती.

बाहेर येऊन मी तिला सांगितलं, मशीन बिघडली आहे, नीट झाली की करून देते.

"मंग इथंच राहू दे फ्रेम," ती म्हणाली. "घरी ऊन लागते त्याले."

फ्रेम पिठाच्या डब्याशेजारी ठेवली आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, म्हणून तुम्हाला सांगते. मशीन चांगली आहे, बाबा.