सत्यमच्या कपारीतले मासे

१२ जानेवारी

झालं! पाहुण्यांसमोर यांचं पुन्हा तेच पुराण. "आमचं सत्या विहिरीच्या तळाला जाऊन बसायचं. मी काठावरून ओरडायचो, दम धर, सत्या, दम धर! लोकांना वाटायचं, गेलं पोरगं." पाहुणे माना हलवतात. मी चहाच्या निमित्तानं आत. समुद्रात गेलेल्या लेकराच्या दमाचं कौतुक करत बसतो हा माणूस! मार्चमध्ये वर्ष होईल.

पाहुणे गेल्यावर सांगून टाकलं — मी जाणार. मालवणच्या समुद्रात, सत्यम पर्यटकांना घेऊन ज्या कपारीत उतरायचा तिथं. थंडी सरताना बारीक मासे भरतात त्यात. दरवर्षी फोनवर दाखवायचा, "बघ आई, माझी मुलं आली!" मला ती बघायची आहेत. हात लावायचाय.

"येड लागलं का? पन्नाशीची बाई!" म्हणाले, आणि जेवलेच नाहीत.

१९ जानेवारी

बासित घरी आला. सत्यमचा जोडीदार — दोघं इथलेच, बरोबरच समुद्रावर कामाला गेले. तो नेईन म्हणतो, पण आधी इथल्या पोहण्याच्या तलावात शिकायचं. पाठीवर सिलिंडर बांधला. मी म्हटलं, घरचा गॅस संपला की मीच उचलते रे! "घबराना नक्को, काकू." घाबरतंय कोण? हसता हसता एकदम रडू आलं. तो तिकडं तोंड करून पट्टे आवळत राहिला.

२ फेब्रुवारी

आज बोलणी खाल्ली. तोंडात नळी घेऊन खाली गेले आणि दम गच्च धरला. सवय! लग्न झाल्यावर सोयगावच्या मळ्यात यांनीच मला विहिरीत पोहायला शिकवलं, सासूबाईंच्या शिव्या खात. विहिरीत दम म्हणजेच सगळं.

बासितनं मला वर काढलं आणि ओरडला. कधी ओरडत नाही तो. "सांस रोकू नका, काकू! वर येताना तर बिलकूल नाही! सोडत या, सोडत या!"

का रे बाबा, थोडा धरला तर काय बिघडतं? — तो सिलिंडर उचलून चालता झाला.

९ फेब्रुवारी

आज सांगितलं त्यानं. मीच पिच्छा सोडला नाही.

सिलिंडरमधली हवा खोल पाण्यात आवळलेली असते. वर येऊ तशी फुगते. सोडली नाही तर छाती आतून फाटते. त्या दिवशी एक पर्यटक घाबरून वर सुटला. त्याला धरायला सत्यम मागं धावला. नियम त्याला माहीत नव्हता? रोज दुसऱ्यांना शिकवायचा! पण त्या घाईत दम धरला गेला. बासित म्हणाला, "बचपन की आदत, काकू. विहिरीची."

म्हणजे माझं लेकरू बुडालंच नव्हतं. मला सगळ्यांनी बुडाला म्हणूनच सांगितलं.

घरी आले तर हे टीव्हीपुढं. "शिकलीस का काही?" त्यांच्या तोंडाकडं बघवेना. दम धर, दम धर! कुणी शिकवलं होतं त्याला? यांना हे कळलं तर हा माणूस जगायचा नाही. बासितला शपथ घातली — काकांना एक अक्षर नाही!

१० फेब्रुवारी

भाजीत मीठ दोनदा पडलं. हे मुकाट जेवले.

२३ फेब्रुवारी

सत्यमच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाचं ठरवायला नणंद आली, कडूबाई. भंतेजींना कधी बोलवायचं, जेवायला किती माणसं — तेवढ्यात यांचं सुरू! "दम धर, सत्या..." मी हातातलं ताट आपटलं. "बस करा! पुन्हा हे घरात काढायचं नाही!" कडूबाई बघतच राहिली. कधी आवाज चढवला नव्हता मी यांच्यावर.

हे एवढंच म्हणाले, "बरं. नाय काढत."

मग चप्पल घालता घालता, "मालवणला मी पण येतो." येऊ देत. पोहायचं नाही म्हणतात, बोटीतच बसणार.

४ मार्च

उतरले!

कपार फार खोल नाही. दोन्हीकडून उजेड येतो. बासितनं हात धरला होता. आधी वाटलं पाणीच हलतंय. मग कळलं, सगळे मासे! बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे, आतला काटासुद्धा दिसतो. मी हात पुढं केला की बाजूला होतात, काढला की जागा लगेच भरून जाते. इतकी लगेच! मला राग आला त्यांचा. माझं पोरगं इथून गेलं, आणि तुम्ही आलात पुन्हा, काही झालंच नाही असे!

मग एक घोळका माझ्या तोंडासमोरून वळला आणि सगळीकडं चांदी चांदी झाली. सत्या, बघितली रे तुझी मुलं. लई सुंदर आहेत. डोळ्यांवरच्या काचेच्या आत रडले. बासित थांबला माझ्यासाठी.

वर आले. श्वास सोडत आले. यांनी टॉवेल दिला.

५ मार्च

काल एक गोष्ट लिहिली नाही. लिहवेना.

बोटीवरून पाण्यात उतरताना यांनी मनगट धरलं माझं. हळूच म्हणाले, "रत्ना, वर येताना दम धरू नको. सोडत ये."

गेल्या मार्चमध्ये सत्यमला न्यायला हे एकटेच आले होते इथं. डॉक्टरांशी यांचंच बोलणं झालं होतं. आणि घरी येऊन मला म्हणाले होते, बुडाला.